खजिनदारसाहेब, यंदाच्या वर्गणीतनं गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांचं पण बघा की

कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालीम मंडळांचे आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यकर्ते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खजिनदार, या सगळ्यांना एका शेजारणीचा नमस्कार.

अध्यक्ष म्हणून तुमचा मान आहेच, पण तुमच्यातल्या निम्म्यांना मी शाळेच्या खाकी चड्डीत बघितलंय, त्यामुळं पोरांनो म्हटलं तर रागावू नका. मंगळवार पेठेत माझं पिको-फॉलचं दुकान आहे, ब्लाऊज शिवते, आधी तुमच्या आयांचे शिवले, मग बहिणींचे आणि आता बायकांचे. (बोलताना मी पण आपल्यातल्या सगळ्या बायकांसारखं मी आलो, मी गेलो असंच म्हणतो, लिहिताना तेवढं सांभाळते.) गेल्या दिवाळीनंतर तुमच्यातल्या काही जणांनी आमच्या कुत्रीचे फोटो काढून स्टेटसला टाकले होते. अंगात मंडळाचा टी-शर्ट आणि पाठीवर मोठ्या अक्षरात 'कार्यकर्ता'. लई हसलात. मी पण हसले. पण तो टी-शर्ट तिच्या अंगात का होता हे कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगते, आणि सांगून झाल्यावर कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीसाठी पैसे मागणार आहे, हे आधीच बोलून ठेवते म्हणजे नंतर काकीनं फसवलं म्हणायला नको.

आमच्यात कुत्रीचं नाव तांबडी आणि मांजरीचं पांढरी. नावं भाच्यानं ठेवली, जेवायला बसला होता तेव्हा सुचलं म्हणे. तांबडी गावठीच, २०१८ ला पावसात दुकानाच्या पायरीवर येऊन बसली ती उठलीच नाही. वर्षाची झाली आणि माजावर आली, तर गल्लीत आठ-दहा कुत्री रात्रभर भुंकत बसलेली, शेजारचे आजोबा काठी घेऊन फिरतायत, आमचे हे दार उघडून दगड मारतायत, तीन आठवडे कुणाला झोप नाही. तेव्हा चौकशी केली. नसबंदीच्या ऑपरेशनचे साडेसहा हजार सांगितले. साडेसहा हजार म्हणजे माझ्या भाषेत किती साड्यांचे फॉल ते तुम्ही करा हिशोब, मी केला आणि गप्प घरी आले.

मग कुणीतरी सांगितलं की एक माणूस घरी येऊन इंजेक्शन देतो, दोनशे-तीनशे रुपयात काम होतं, माज येतच नाही. डॉक्टर नव्हता तो, कुठल्यातरी दवाखान्यात हाताखाली काम केलेला. दोन वर्षं ते इंजेक्शन दिलं. मला वाटलं काय स्वस्तात सुटलो. हे हार्मोनचं इंजेक्शन असतं, त्यानं माज पुढं ढकलला जातो पण गर्भपिशवी आतनं सुजायला लागते, हे मला पाच वर्षांनी कळलं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तांबडी माजावर येऊन गेली, महिनाभर ठीक होती, मग पाणी प्यायला लागली, म्हणजे इतकं की बादलीतलं पिऊन संपवून परत मोरीत जाऊन चाटायची. खाणं कमी. मी म्हटलं सात वर्षाची झाली, म्हातारपण. मागनं सारखी चाटत होती, म्हटलं सवय. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाची गडबड चालू असताना ती जिथं बसली होती तिथनं उठली आणि फरशीवर पिवळट-तपकिरी डाग, आणि वास असा की उटण्याचा वास पण त्याच्यापुढं मागं पडला. पू होता तो. गर्भपिशवीत पू भरलेला. पायोमेट्रा म्हणतात त्याला, ऑपरेशन न झालेल्या माद्यांत माजानंतर महिना-दोन महिन्यांत होतो, वय वाढेल तशी भीती वाढते, दहा वर्षांपर्यंत साधारण चौघींतल्या एकीला होतो असं परदेशातल्या अभ्यासात दिसलंय. पिशवीचं तोंड बंद राहिलं आणि पू बाहेर आलाच नाही तर ती आत फुटू शकते. आमच्या तांबडीचं नशीब की बाहेर आला.

ऐन दिवाळीत ज्या डॉक्टरांनी शटर वर केलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सोनोग्राफी, रक्त, सलाईन, संध्याकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी ती पिशवी ट्रेमध्ये ठेवून दाखवली, कुत्रीच्या पिशवीला दोन फाटे असतात, दोन्ही फाटे सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मारल्यासारखे फुगलेले. मला म्हणाले, ताई, हीच पिशवी सहा वर्षांपूर्वी काढली असती तर माझ्या करंगळीपेक्षा बारीक निघाली असती. सगळं धरून १८ हजार ४०० रुपये झाले. भिशी मोडली. म्हणजे साडेसहा हजार वाचवायला गेले आणि त्याच्या जवळजवळ तिप्पट घालवून बसले, वर कुत्री मरता मरता वाचली.

टाके चाटू नयेत म्हणून दवाखान्यात प्लास्टिकचा तो गळ्यातला भोंगा देतात, तो घातला की ती दाराला, खाटेला, मशीनच्या पायाला धडकायची आणि रडायची. तेव्हा मी तुमच्याच मंडळाचा गणपतीतला टी-शर्ट, भाच्याचा, कात्री लावून तिच्या मापाचा केला. कार्यकर्त्याची कहाणी एवढीच.

आता पांढरीचं ऐका, ते सांगायला जास्त जड जातंय. मांजरीचं लोकांना वाटतं काय त्याचं, मांजर फिरतं, येतं जातं. पण मांजरीचं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की स्वतःच गाभण राहू शकतं, आणि दोन महिन्यांत व्यायतं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकतं. दीड वर्षात पांढरी तीनदा व्यायली. पहिल्या खेपेची चारही पिल्लं गिऱ्हाइकांनी हौसेनं नेली. दुसऱ्या खेपेची निम्मी गेली, त्यातली एक परत आली. तिसऱ्या खेपेला कुणी विचारलं नाही, पाच पिल्लं, दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर घाण, गिऱ्हाइकाच्या पैठणीला नख लागलं, घरात भांडणं. एका रात्री आमच्या ह्यांनी पिल्लं खोक्यात घातली, खोक्याला मीच भोकं पाडली, आणि ते मंडईजवळ ठेवून आले. मी नको म्हटलं नाही. सकाळी सात वाजता मी भाजी आणायला म्हणून तिकडनं गेले तर खोकं होतं, उलटं पडलेलं. आत काही नव्हतं. कुणी नेली असतील असं मी ह्यांना सांगितलं आणि त्यांनी पण हो म्हटलं.

पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा गुन्हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात लिहिलेलं आहे. पहिल्या खेपेला दंड किती माहितीय? दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा आकडा तसाच आहे. मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी. त्यामुळं कायद्याच्या भीतीनं कोण थांबणार नाही, मी पण थांबले नव्हते.

हे सगळं झाल्यावर मी दुकानातली मापाची वही घेतली आणि मागच्या पानावर आमच्या गल्लीतली घरं मांडली. फार नाही, दोन्ही बाजूची मिळून चाळीसेक घरं. घरात किंवा दारात पाळलेली कुत्री ११, मांजरं ९. त्यातली ऑपरेशन झालेली ३, त्यात एक आमची तांबडी, ती पण अशी. बाकीच्या माद्यांना पिल्लं झाल्यावर त्याचं काय केलं म्हणून विचारलं तर आधी सगळे म्हणाले दिली की लोकांना. चहा झाल्यावर खरं बोलायला लागले. कुणी रंकाळ्यावर, कुणी पंचगंगेच्या घाटावर, कुणी कळंब्याच्या रस्त्याला, एका बाईनं शिरोलीच्या एमआयडीसीत, कारण तिथं कंपनीतले लोक डबा टाकतात म्हणे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे निकाल आले तेव्हा तुमच्या कट्ट्यावरची भांडणं मला दुकानात बसून ऐकू येत होती. ११ तारखेला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचला म्हणाले, २२ तारखेला ते बदललं, नसबंदी करा, लस द्या आणि जिथली तिथं सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडून. मग नोव्हेंबरात आलं की शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली उचलायची आणि परत तिथं सोडायची नाहीत. निम्मे म्हणत होते बरोबर, निम्मे म्हणत होते मुकी जनावरं. महापालिका काय करते हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. पण ही कुत्री येतात कुठनं हे कुणी विचारलं नाही. सगळी काय रस्त्यावरच जन्मत नाहीत, त्यातली बरीचशी आपल्याच दारातनं जातात, खोक्यातनं.

आणि इथंच घोळ आहे बघा. २०२३ ला केंद्र सरकारनं पशू जन्म नियंत्रण नियम नव्यानं आणले, त्यात वाटणी स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीची जबाबदारी, आणि घरात पाळलेल्यांची मालकाची. म्हणजे रस्त्यावरच्या कुत्रीचं ऑपरेशन सरकारी पैशातनं होणार, कानाला खाच पाडून परत सोडणार, आणि माझ्या तांबडीचं मी करायचं. तत्त्वानं बरोबर आहे, पाळायची हौस आपली तर खर्च पण आपला. पण चांदीच्या दुकानात पॉलिश करणारा, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई, ह्यांच्या दारातली कुत्री धड घरची पण नाही आणि रस्त्याची पण नाही. भाकरी आपण घालतो, नाव आपण ठेवतो, पण दवाखान्याचं आलं की ती रस्त्याची होते आणि पकडायची गाडी आली की परत आपली होते. अशा जनावरांसाठी स्वस्तातली सोय कुणाच्याच यादीत नाही. ती तुम्ही काढा असं माझं म्हणणं आहे.

तुम्हीच का? कारण गल्लीत तुमचं ऐकतात. २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढायला पेठांतली पोरं सगळ्यांच्या आधी पाण्यात होती, लोकांबरोबर म्हशी सोडवल्या, गच्चीवर अडकलेली कुत्री खांद्यावर घेऊन आणली, मी बघितलंय. रक्तदान शिबिर तुम्ही घेता, डोळे तपासायचं घेता, वह्यावाटप करता. एखादी गोष्ट डॉक्टरनं सांगितली तर लोक मान हलवतात, पण मंडळानं बोर्डावर खडूनं लिहिली की करतात. आणि पैसे तुमच्याकडं आहेत. साऊंडचा एका रात्रीचा आकडा मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहितीच आहे, खजिनदाराला तर झोपेत पण पाठ आहे. माझ्या दुकानाच्या काचा मिरवणुकीत किती थरथरतात ते मात्र मी सांगू शकते. साऊंड बंद करा असं म्हणत नाही, माझं कोण ऐकणार. त्या आकड्यातला एक कोपरा मागते.

आता पैशाचं बोलूया, कारण फुकटात करा म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. तांबडीचे टाके काढायला गेले तेव्हा बाहेर बाकावर बसून डॉक्टरांना विचारलं, एवढे का होतात? त्यांनी नीट समजावलं. मादीचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडून दोन्ही अंडाशयं आणि पिशवी काढायची, नराचं बाहेरच्या बाहेर होतं, म्हणून नराचं स्वस्त. जनावर जेवढं वजनदार तेवढी भूल जास्त, औषध जास्त. मग रक्ततपासणी, शिवायचा धागा, अँटिबायोटिक, वेदनेचं औषध, हाताखालचा माणूस, परत तपासायला बोलावणं. त्यात एकाच जनावरासाठी ऑपरेशनची खोली मांडायची, माणूस थांबवायचा, भुलीची बाटली फोडायची, ह्याचा खर्च एकावरच पडतो. तेच एका दिवशी सात-आठ जनावरं ठरवून आली तर तो खर्च वाटला जातो. शिवणकामात पण असंच असतं, एक ब्लाऊज आणि शाळेच्या पन्नास युनिफॉर्मचा भाव सारखा नसतो. माझ्या डोक्यात लगेच आलं, ठोक भाव.

म्हणून तुम्ही दोन-तीन मंडळं मिळून एका चांगल्या डॉक्टरांशी बोला. महिन्यातला एक दिवस, सात-आठ जनावरं, ठरलेला भाव. भाव ठरल्यावर त्याचे भाग करा, काही मंडळाचा, काही मालकाचा. मालकाकडनं घ्याच, थोडे का होईना. फुकट म्हटलं की लोक टाके दाखवायला पण येत नाहीत, शंभर रुपये घातले की त्याच्या मागं फिरतात. ज्याची खरंच ऐपत नाही त्याचे तुम्ही भरा, आणि बोर्डावर नाव लिहू नका.

भाव करताना कुठं ओढायचं आणि कुठं नाही हे पण सांगते, कारण तुम्ही भाव करायला लागला की थांबत नाही. प्रत्येक जनावराला वेगळी निर्जंतुक केलेली हत्यारं, तिथं कमी करायचं नाही. वेदनेचं औषध, तिथं नाही. जरा वय झालेल्या जनावराचं रक्त तपासल्याशिवाय भूल द्यायची नाही. शुद्धीवर येऊन नीट उभं राहीपर्यंत घरी सोडायचं नाही. आणि कृपा करून तालमीच्या हॉलमध्ये टेबल मांडून, बॅनर लावून, पाहुण्यांच्या हस्ते नारळ फोडून ऑपरेशनं करू नका. लाल मातीत कुस्ती होते, पोट उघडायचं काम ऑपरेशन थिएटरातच. तालमीत काय करा, तर नावनोंदणी करा, रेबीजची लस द्या, डॉक्टरांना बोलावून जनावर ऑपरेशनला योग्य आहे का ते तपासून घ्या. दहा-बारा दिवसांनी टाके बघायला डॉक्टर एकदाच तिथं आले तर लोकांचे रिक्षाचे पैसे वाचतील.

दुसरे रस्ते पण आहेत. पशुसंवर्धन खात्याचं सर्वचिकित्सालय आपल्या जिल्ह्यात आहे, सरकारी फी नाममात्र असते, पण तिथं गाई-म्हशींचा रगाडा आधी, आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा केवढा आहे तुम्हाला माहितीय, त्यामुळं कुत्र्या-मांजराच्या ऑपरेशनला कुठला दिवस मिळेल ते आधी जाऊन विचारायचं. एकट्या बाईनं विचारलं तर बघू म्हणतात, मंडळाचं लेटरहेड घेऊन अध्यक्ष गेला की दिवस ठरतो, हे पण आपल्याला माहितीय. शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, हायवेवरच, शिकणारी पोरं आणि प्राध्यापक मिळून बघतात, पण इथनं भूल उतरलेलं जनावर घेऊन तीन-साडेतीन तास परत यायचं म्हणजे गाडी पाहिजे आणि धीर पाहिजे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था अधनंमधनं सवलतीची शिबिरं घेतात, त्यांच्याशी पण जोडून घ्या. कुठंही करा, ऑपरेशन करणारा माणूस नोंदणी असलेला पशुवैद्यकच पाहिजे. घरी येणाऱ्या इंजेक्शनवाल्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता तुमच्यातल्या नर कुत्रेवाल्यांकडं येते. रॉटवायलर, डॉबरमन, कारवानी, पश्मी, गळ्यात हे एवढे पट्टे, संध्याकाळी बुलेटच्या मागं बसवून फिरवता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तुमचेच चेहरे पडतात. काकी, नराचं कशाला, त्याला काय पिल्लं होणारायत? अरे बाळा, पिल्लं एकटीला होत नाहीत. आणि त्याची मर्दानगी जाईल म्हणता, मग तुमच्या आजोबांनी बैल खच्ची केले नव्हते का? खच्ची केलेला बैलच आयुष्यभर नांगर ओढत होता, त्याच्या ताकदीला कोण नावं ठेवत नव्हतं. मटणाच्या दुकानात तर खच्ची बोकडाचंच द्या म्हणून रांगेत अडून बसता. फक्त आपल्या कुत्र्याचं म्हटलं की पोटात कालवतं.

आमच्या मागच्या गल्लीतला एक देखणा नर रात्री सुटून फिरायचा, वर्षाभरात त्याच्या लघवीच्या जागेवर फुलकोबीसारखी गाठ आली आणि रक्त ठिबकायला लागलं. हा संगाच्या वेळी एकाकडनं दुसऱ्याला लागणारा कॅन्सर आहे, आपल्याकडच्या फिरत्या कुत्र्यांत सर्रास दिसतो. बरा होतो, पण आठवड्याला एक असं कॅन्सरचं इंजेक्शन महिना-दीड महिना घ्यावं लागलं. ऑपरेशन केलं तर नर राखण करायचं सोडेल ही पण भीती नको, गेटवर भुंकायचं काही जात नाही, भिंतीभिंतीला पाय वर करणं आणि मादीच्या मागं पळून गाडीखाली येणं कमी होतं. अंगानं सुटतात हे खरं आहे, म्हणून नंतर खाणं थोडं कमी करायचं आणि बुलेटवरनं उतरवून चालवायचं. आणि एक, ऑपरेशन झालं म्हणून नराला लगेच मोकळा सोडू नका, पुढचे महिना-दीड महिना तो अजून पिल्लं घालू शकतो. हे न कळल्यामुळं ऑपरेशन फेल गेलं म्हणून डॉक्टरांशी भांडायला गेलेला माणूस मी बघितलाय.

बायका मला दुकानात जे विचारतात ते पण सांगून टाकते. एकदा तरी आई होऊ दे बिचारीला. मला पण असंच वाटायचं. एकदा व्यायल्यानं मादीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही, उलट लवकर ऑपरेशन झालं तर पुढं स्तनाच्या गाठींची भीती कमी होते असं डॉक्टर सांगतात. साधारण सहा महिन्यांची झाली की विचारायला जायचं, मोठ्या जातीच्या कुत्र्यांना डॉक्टर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. माजावर असताना शक्यतो करत नाहीत, तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, दोन-तीन महिने थांबवतात. आदल्या रात्रीनंतर मोठ्या कुत्र्याला खायला द्यायचं नाही, भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते. एका आजीनं सकाळी मायेनं दूध-चपाती घातली आणि दवाखान्यातनं परत यावं लागलं. लहान मांजराला मात्र रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, किती तास ते डॉक्टर सांगतील तसंच. पाप लागतं का, असं पण विचारतात. मी त्यांना मंडईतल्या खोक्याचं सांगते, मग परत विचारत नाहीत.

दिवस कधीचा धरायचा तर माझं मत फेब्रुवारी. फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार जगात बऱ्याच ठिकाणी नसबंदी दिवस म्हणून पाळतात, शिवजयंती १९ तारखेला होते, तुमची पोरं एकत्र असतातच, त्याच आठवड्यात नोंदणी करा. हवा कोरडी असते, टाके लवकर सुकतात. पावसाळ्यात करायला मला भीती वाटते, आपल्याकडचा पाऊस, जमीन ओली, अंथरूण ओलं, जखमेत माशी बसून किडे पडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात करायचंच असेल तर ज्याच्या घरात कोरडी जागा आहे त्याचंच आधी घ्या. आणि पहिल्या यादीत माद्या जास्त घ्या, मांजरी तर सगळ्यात आधी, कारण त्या थांबत नाहीत.

पांढरीचं ऑपरेशन जानेवारीत झालं. तिला टी-शर्ट मोठा होतो, म्हणून तिला मी लेगिंगचा एक पाय कापून त्याला चार भोकं पाडली आणि पाठीवर बंद लावले, दहा दिवस माझ्याकडं बघत सुद्धा नव्हती. तेवढ्यात डॉक्टरांनी तो अंगरखा बघितला आणि म्हणाले अजून चार शिवून द्या, आता मी त्यांना शिवून देते. तुम्ही दिवस ठरवला तर तुमच्या सगळ्या जनावरांचे अंगरखे मी शिवीन, शिलाई घेणार नाही, ही माझी वर्गणी समजा आणि पावती फाडा. माप असं घ्यायचं, गळ्याच्या पट्ट्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, आणि पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर, दोनच आकडे, जनावराचं नाव आणि नर का मादी ते लिहा, कारण नराला खालनं जागा ठेवावी लागते.

कापड तुमचं. फुटबॉलच्या जुन्या जर्सी नकोत, त्या कापडात गरम होतं आणि तुमच्या त्या जर्सीवरनं दोन मंडळांची कुत्री भांडतील. गणपतीला दरवर्षी छापता ते होजिअरीचे टी-शर्ट आणा, प्रत्येकाच्या कपाटात पाच-सहा पडलेले असतातच. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी सकाळी दहानंतर कधीही आणून टाका. फक्त विसर्जनाचा गुलाल निघालेला नसतो त्यातला, तेवढा धुवून आणा.